खांद्याचं ऑपरेशन, मानेतली भूल आणि अपुरा वाटणारा श्वास

खांद्याचा स्नायुबंध फाटला, खांदा पुन्हा पुन्हा निखळू लागला किंवा पडल्यामुळे दंडाच्या हाडाचं वरचं टोक मोडलं, की ऑपरेशनचा विषय निघतो. अशा वेळी बऱ्याच रुग्णालयांत मानेच्या बाजूला एक इंजेक्शन देऊन खांदा आणि हात बधिर करतात. रुग्णालयात सगळे त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात, भूलतज्ज्ञ ‘इंटरस्केलिन ब्लॉक’ म्हणतात. बहुतेकदा त्याच्या जोडीला पूर्ण भूलही दिली जाते. ब्लॉकची खरी किंमत कळते ती ऑपरेशननंतरच्या पहिल्या काही तासांत, कारण खांद्याच्या ऑपरेशनचं दुखणं फार तीव्र असतं आणि ब्लॉकमुळे ते जवळजवळ जाणवतच नाही.

पण याच तासांत काही रुग्ण वेगळीच तक्रार करतात. दुखत नाही, हात जड झालाय, तेही समजतं. पण छाती भरून श्वास घेता येत नाही. सोबत बसलेले घरचे लोक घाबरतात. खांद्याचं ऑपरेशन झालं, मग श्वासाला काय झालं? हृदयाचं काही आहे का? भूल जास्त झाली का?

या प्रश्नांची उत्तरं वैद्यकशास्त्राकडे अनेक वर्षांपासून आहेत. ती रुग्णापर्यंत इंजेक्शनच्या आधी पोहोचली, तर भीती कमी होते आणि ज्यांना खरोखर धोका आहे त्यांना वेळीच ओळखता येतं. म्हणून यातले नेहमीचे गैरसमज एकेक करून तपासायला हवेत.

गैरसमज १ : बधिर केला हात, त्याचा श्वासाशी काय संबंध?

वस्तुस्थिती : संबंध आहे, आणि तो मानेत आहे.

श्वास आत घेण्याचं मुख्य काम श्वासपटल करतं. छाती आणि पोट यांच्या मधे पालथ्या वाडग्यासारखा ताणलेला हा पातळ स्नायू. तो आकसला की खाली सरकतो, छातीत जागा वाढते आणि हवा आत शिरते. शांतपणे श्वास घेताना निम्म्याहून बरंच जास्त काम हा एकटा स्नायू करतो. बाकीचं काम फासळ्यांमधले स्नायू आणि गरज पडल्यास मानेचे स्नायू उचलतात.

श्वासपटलाचे उजवा आणि डावा असे दोन भाग असतात. प्रत्येक भागाला हुकूम देणारा मज्जातंतू वेगळा. त्याचं नाव फ्रेनिक. तो पोटाजवळून निघत नाही. मानेतल्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जामुळांपासून तो तयार होतो आणि छातीतून उतरत श्वासपटलापर्यंत जातो. हाताला जाणारं मज्जातंतूंचं जाळं मानेतल्या पाचव्यापासून आठव्या आणि छातीतल्या पहिल्या मज्जामुळापासून बनतं. म्हणजे पाचवं मूळ दोघांत सामाईक आहे.

शिवाय दोघांचे रस्तेही एकमेकांना लागून आहेत. मानेच्या बाजूला पुढचा आणि मधला असे दोन स्केलिन स्नायू असतात. हाताचे मज्जातंतू या दोघांच्या फटीतून बाहेर येतात आणि फ्रेनिक पुढच्या स्केलिन स्नायूच्या अंगावरून खाली उतरतो. ब्लॉकचं इंजेक्शन याच फटीत देतात. कंठाच्या खालच्या कडेच्या पातळीवर, म्हणजे जिथे पूर्वापार हे इंजेक्शन दिलं जातं तिथे, फ्रेनिक आणि हाताच्या मज्जातंतूंमध्ये जेमतेम २ मिलिमीटरचं अंतर असतं. बधिर करणारं औषध द्रव असतं. ते पसरतं, पुढे फ्रेनिकपर्यंत जातं किंवा वर चढून त्याच्या मुळांपर्यंत पोहोचतं. मग त्या बाजूचं अर्धं श्वासपटल काही तास सुस्त होतं.

गैरसमज २ : श्वास अपुरा वाटला, म्हणजे डॉक्टरांची सुई चुकली.

वस्तुस्थिती : सुई अगदी योग्य जागी गेली, तरी हा परिणाम होऊ शकतो. जुन्या पद्धतीच्या ब्लॉकमध्ये तर तो जवळजवळ ठरलेलाच होता.

या ब्लॉकची आज प्रचलित असलेली पद्धत अमेरिकेतले भूलतज्ज्ञ अलॉन विनी यांनी १९७०मध्ये मांडली. पुढची दोन दशकं श्वासपटलावरचा परिणाम माहीत होता, पण तो अधूनमधून होणारी गोष्ट समजली जाई. १९९१मध्ये विल्यम अर्मी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्लॉक दिलेल्या रुग्णांच्या श्वासपटलाची सोनोग्राफी केली. तपासलेल्या प्रत्येक रुग्णात त्या बाजूचं श्वासपटल मंदावलेलं किंवा थांबलेलं आढळलं. शंभर टक्के. त्या काळी एका ब्लॉकला ३४ ते ५२ मिलिलिटर इतकं औषध वापरलं गेलं होतं. आता त्याच्या निम्म्याहूनही कमी औषधात काम भागतं.

त्यामुळे श्वास थोडा अपुरा वाटणं हा हलगर्जीपणाचा पुरावा ठरत नाही. मात्र हा परिणाम होऊ शकतो, हे रुग्णाला आधी न सांगणं ही नक्कीच उणीव आहे.

इथे एक गोष्ट वेगळी ओळखावी लागते. मानेच्या किंवा गळ्याच्या हाडाजवळच्या इंजेक्शनमुळे क्वचित फुफ्फुसाच्या आवरणाला इजा होऊन छातीत हवा साठते. त्यातही दम लागतो, पण सहसा छातीत टोचल्यासारखं दुखतं आणि त्रास वाढत जातो. म्हणून ‘हे ब्लॉकचंच असणार’ असं अंदाजाने न म्हणता डॉक्टरांनी छाती तपासणं, गरज वाटली तर सोनोग्राफी किंवा एक्स-रे करणं, हाच योग्य मार्ग.

गैरसमज ३ : अर्धं श्वासपटल थांबलं, म्हणजे एक फुफ्फुस बंद पडलं.

वस्तुस्थिती : फुफ्फुस बंद पडत नाही. त्या बाजूच्या फासळ्यांमधले स्नायू चालू असतात, दुसऱ्या बाजूचं श्वासपटल नेहमीपेक्षा जास्त काम करतं आणि हवा दोन्ही फुफ्फुसांत जात राहते.

कमी होते ती एकूण क्षमता. अर्मी यांच्याच १९९२च्या अभ्यासात, खोल श्वास घेऊन जोराने बाहेर सोडलेल्या हवेचं प्रमाण सुमारे २७ टक्क्यांनी घटलेलं दिसलं. म्हणजे सुमारे चौथा हिस्सा. शांत बसून श्वास घेताना आपण आपल्या क्षमतेचा लहानसा भागच वापरतो, म्हणून धडधाकट माणसाला ही घट बहुधा जाणवतही नाही. अर्धं श्वासपटल थांबलेलं असताना अनेक रुग्ण मजेत चहा पीत, गप्पा मारत बसलेले असतात.

ज्यांना जाणवतं, त्यांचं वर्णन मात्र बरंचसं सारखं असतं. दुखत नाही, पण श्वास ‘पूर्ण होत नाही’. आडवं पडलं की जास्त वाटतं, उठून बसलं की बरं वाटतं. याचं कारण सोपं आहे : आडवं पडल्यावर पोटातले अवयव सुस्त श्वासपटलाला वर ढकलतात. खोकलाही नेहमीसारखा जोरात येत नाही.

गैरसमज ४ : ऑक्सिजन ९८ दाखवतोय, म्हणजे त्रास मनाचा आहे.

वस्तुस्थिती : कोविडच्या काळात पल्स ऑक्सिमीटर घराघरांत आला आणि बोटावरचा आकडा म्हणजे श्वासाचं प्रमाणपत्र, अशी समजूत पक्की झाली. ते यंत्र रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवतं. श्वास घ्यायला किती कष्ट पडताहेत, हे ते सांगत नाही. स्नायू अशक्त असूनही निरोगी माणूस थोडे जास्त कष्ट घेऊन ऑक्सिजन नीट राखू शकतो. तेव्हा आकडा चांगला असतो आणि त्रासही खरा असतो.

दुसरी बाजू अधिक महत्त्वाची आहे. नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली असेल, तर श्वास उथळ होऊनही आकडा बराच वेळ चांगला राहतो. पण उथळ श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड शरीरातून पुरेसा बाहेर पडत नाही, तो साठतो आणि रुग्ण गुंगीत जाऊ लागतो. म्हणून आकड्याइतकंच लक्ष माणसाकडे द्यावं लागतं : मिनिटाला किती श्वास घेतोय, पूर्ण वाक्य एका दमात बोलता येतंय का, हाक मारल्यावर लगेच डोळे उघडतोय का.

भीतीने श्वास आणखी अपुरा वाटतो, हे खरं आहे. पण अशा रुग्णाला ‘काही झालेलं नाही, उगाच घाबरताय’ असं म्हणणं चूक आहे. त्याला काहीतरी झालेलं आहे. ‘तुमच्या श्वासाचा एक स्नायू औषधामुळे काही तास सुस्त आहे, दुसरी बाजू व्यवस्थित चालू आहे, आम्ही लक्ष ठेवून आहोत’ एवढं सांगितलं आणि पाठीमागे उशा लावून बसतं केलं, की निम्मा त्रास तिथेच उतरतो.

गैरसमज ५ : पूर्ण भूल झेपत नाही, त्यांना ब्लॉक केव्हाही सुरक्षित.

वस्तुस्थिती : या लेखातला सर्वांत घातक गैरसमज हाच. ‘बाबांची फुफ्फुसं कमजोर आहेत, त्यांना पूर्ण भूल नको, नुसता हात बधिर करा,’ असं कुटुंबं काळजीपोटी सुचवतात. हाताच्या पंजाच्या किंवा पायाच्या ऑपरेशनला ही सूचना उत्तम ठरू शकते. खांद्यासाठी मानेतला ब्लॉक देताना मात्र नेमकं उलटं घडू शकतं, कारण ज्याच्याकडे श्वासाची शिल्लक मुळातच कमी आहे, त्याचीच पाव क्षमता आपण काढून घेतो.

कोणाच्या बाबतीत जास्त विचार करावा लागतो? जुन्या धूम्रपानामुळे किंवा चुलीच्या धुरामुळे झालेला सीओपीडी हा फुफ्फुसांचा आजार, दोन जिने चढताना लागणारी धाप, खूप जास्त वजन, झोपेत श्वास अडकणारं मोठं घोरणं, स्नायूंच्या अशक्तपणाचे मायस्थेनियासारखे आजार. आणि सर्वांत आधी विचारायचा प्रश्न : दुसऱ्या बाजूचं श्वासपटल ठीक आहे ना? मानेच्या, छातीच्या किंवा हृदयाच्या जुन्या ऑपरेशनमध्ये क्वचित फ्रेनिक मज्जातंतूला इजा झालेली असते. एक बाजू आधीच बंद असताना दुसरी बाजू ब्लॉकने बंद झाली, तर श्वासपटलच उरत नाही. दुसऱ्या बाजूचं फुफ्फुस पूर्वी काढलेलं असेल, तरीही तोच धोका. याच कारणाने दोन्ही खांद्यांना एकाच वेळी असा ब्लॉक देणं टाळलं जातं.

अशा रुग्णांना दुसरे पर्याय असतात. हाताच्या जाळ्याचा वरचा जोड थोडा खाली गाठून दिलेला ‘सुपीरियर ट्रंक ब्लॉक’, किंवा खांद्याला जाणारे सुप्रास्कॅप्युलर आणि ॲक्झिलरी हे दोन मज्जातंतू वेगवेगळे बधिर करण्याची पद्धत. मानेत जसजसं खाली यावं, तसतसा फ्रेनिक हाताच्या मज्जातंतूंपासून दूर जातो, दर सेंटिमीटरला साधारण ३ मिलिमीटर. त्यामुळे या पद्धतींत श्वासपटलाला बरंच संरक्षण मिळतं. दुखणं थोपवण्याचं काम काही वेळा थोडं कमी होतं, पण ज्याचा श्वास मोलाचा आहे त्याच्यासाठी हा सौदा योग्य आहे.

गैरसमज ६ : आता सोनोग्राफीने बघून ब्लॉक देतात, म्हणजे हा प्रश्न संपला.

वस्तुस्थिती : कमी झाला, संपला नाही. सोनोग्राफीमुळे मज्जातंतू डोळ्यांसमोर दिसतात, सुई नेमकी जाते आणि थोडं औषध पुरतं. टोरांटोतल्या २००८च्या एका अभ्यासात सोनोग्राफीच्या मदतीने दोन गटांना वेगवेगळ्या मात्रा दिल्या. २० मिलिलिटर औषध मिळालेल्या सर्वांचं त्या बाजूचं श्वासपटल सुस्त झालं. ५ मिलिलिटर मिळालेल्यांत हे प्रमाण ४५ टक्क्यांवर आलं, आणि दुखणं थोपवण्यात दोन्ही गट सारखेच राहिले. मात्रा कमी करणं उपयोगी आहे, हे यावरून स्पष्ट होतं. पण ५ मिलिलिटरनंतरही जवळपास निम्म्या रुग्णांत परिणाम झालाच, हेही तितकंच स्पष्ट आहे. ‘आमच्याकडे मशीन आहे’ हे वाक्य अशक्त फुफ्फुसांच्या रुग्णासाठी पुरेसं उत्तर होत नाही.

काही ठिकाणी मानेत बारीक नळी ठेवून एक-दोन दिवस औषध थोडं थोडं देत राहतात. तेव्हा श्वासाचा परिणामही तितका लांबू शकतो, हे लक्षात ठेवावं.

गैरसमज ७ : एवढी भानगड असेल, तर ब्लॉक नकोच.

वस्तुस्थिती : ब्लॉक नाकारला की दुखणं थांबवण्यासाठी मॉर्फिन, फेंटानिल यांसारख्या औषधांची गरज वाढते. ही औषधं मेंदूतल्या श्वासकेंद्रालाच मंद करतात, गुंगी आणतात, मळमळ आणि बद्धकोष्ठता देतात. तीव्र दुखण्यामुळे रुग्णाला झोप लागत नाही आणि खांद्याचे व्यायाम लांबणीवर पडतात. बहुसंख्य निरोगी रुग्णांसाठी काही तासांचं सुस्त श्वासपटल आणि त्या बदल्यात मिळणारी शांत पहिली रात्र, यात ब्लॉकचं पारडं जड ठरतं. निर्णय ‘ब्लॉक हवा की नको’ एवढाच नसतो. ‘या माणसाला कोणता ब्लॉक, किती मात्रेत’ असा तो विचारायला हवा.

गैरसमज ८ : पापणी उतरली, आवाज बसला, म्हणजे पक्षाघात.

वस्तुस्थिती : मानेतलं औषध शेजारच्या आणखी दोन मज्जातंतूंपर्यंत पोहोचू शकतं. एकामुळे त्याच बाजूची पापणी थोडी खाली येते, बुबुळातली बाहुली लहान दिसते, डोळा लालसर होतो. दुसऱ्यामुळे आवाज घोगरा होतो. औषध उतरलं की दोन्ही जातं. आवाज बसलेला असताना पाणी आणि चहा बसून, लहान घोटांनी घ्यावा, कारण ठसका लागू शकतो.

मात्र तोंड वाकडं होणं, बोलणं अडखळणं किंवा पायातली शक्ती जाणं हा ब्लॉकचा नेहमीचा परिणाम नव्हे. असं काही दिसलं तर क्षणाचाही उशीर नको.

गैरसमज ९ : घरी आल्यावर आडवं पडून झोपेची गोळी घ्यावी, सकाळी सगळं ठीक होतं.

वस्तुस्थिती : एका इंजेक्शनचा परिणाम औषधानुसार साधारण अर्ध्या दिवसापासून एका दिवसापर्यंत टिकतो. हाताची जाण परत येऊ लागते, त्याच सुमारास श्वासही मोकळा होत जातो. तोवरची रात्र पाठीमागे तीन-चार उशा लावून, अर्धवट बसल्या स्थितीत काढावी. खांद्यालाही तीच स्थिती सोयीची असते. झोपेची गोळी, दारू आणि डॉक्टरांनी न लिहिलेली गुंगीची औषधं पूर्ण टाळावीत, कारण एक स्नायू सुस्त असताना मेंदूचा हुकूमही मंद झाला, तर दोन्हींचा भार एकत्र पडतो. वेदनाशामक गोळ्या मात्र सांगितलेल्या वेळेला घ्याव्यात. ब्लॉक उतरताना दुखणं एकदम उसळतं. ते सुरू होण्याआधी गोळी पोटात गेलेली बरी. दीर्घ श्वासाचे व्यायाम आणि रुग्णालयाने दिलेलं तीन छोट्या चेंडूंचं श्वास ओढण्याचं यंत्र यांचा उपयोग होतो. कफ साठत नाही.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नये : दम वाढत जाणं, एका श्वासात वाक्य पूर्ण न होणं, छातीत दुखणं, ओठ किंवा नखं निळसर होणं, रुग्णाला जागं करायला कष्ट पडणं, ऑक्सिजनचा आकडा ९२च्या खाली राहणं. महाराष्ट्रात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. रुग्णालयात पोहोचल्यावर ‘मानेत ब्लॉक दिला होता’ हे पहिल्याच वाक्यात सांगावं. तपासणाऱ्या डॉक्टरांचा बराच वेळ वाचतो.

गैरसमज १० : श्वासपटलाचा हा अशक्तपणा कधीच राहत नाही किंवा राहिला तर कायमचाच.

वस्तुस्थिती : दोन्ही टोकं चुकीची. बहुतेक सगळ्यांत तो औषधाबरोबर उतरतो. फार थोड्या रुग्णांत तो आठवडे किंवा महिने टिकतो. सुईने झालेली इजा, रक्त साठून आलेला दाब, मज्जातंतूभोवतीचा दाह किंवा नंतर तयार झालेले चिकट पापुद्रे ही त्याची संभाव्य कारणं. क्वचित ऑपरेशननंतर शरीराच्या स्वतःच्या दाहप्रक्रियेमुळेही मज्जातंतू दुखावतो.

म्हणून ब्लॉक उतरून दोन-तीन दिवस झाल्यावरही आडवं पडताना किंवा जिना चढताना दम लागत असेल, तर ‘ऑपरेशनचा अशक्तपणा’ म्हणून सोडून देऊ नये. छातीच्या एक्स-रेमध्ये श्वासपटलाची ती बाजू वर उचललेली दिसते. सोनोग्राफीत ती हलते की नाही, हे थेट कळतं. नाकाने झटकन श्वास ओढायला सांगितला, तर निरोगी बाजू खाली जाते आणि बंद पडलेली बाजू उलट वर जाते. निदान झाल्यावर बहुधा वाट पाहणं आणि श्वासाचे व्यायाम हाच उपचार असतो, कारण दुखावलेला मज्जातंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर या संथ गतीने भरून येतो. खूप महिने सुधारणा झाली नाही आणि त्रास मोठा असेल, तर मज्जातंतू मोकळा करण्याच्या किंवा ढिलं पडलेलं श्वासपटल ताणून शिवण्याच्या शस्त्रक्रिया उपलब्ध आहेत.

इंजेक्शनच्या आधीची पाच मिनिटं

ऑपरेशनपूर्वी भूलतज्ज्ञ तपासायला येतात, तेव्हा रुग्णाने आणि घरच्यांनी काही गोष्टी स्वतःहून सांगाव्यात. दमा किंवा सीओपीडी आहे का, किती जिने चढता येतात, उशीशिवाय सपाट झोपता येतं का, घोरताना मधेच श्वास थांबतो का, मान-छाती-हृदयाचं कोणतं ऑपरेशन झालं आहे, रोज कोणत्या गोळ्या चालू आहेत. ‘खांद्याचं ऑपरेशन आहे, हे सांगून काय उपयोग’ असं वाटून गोष्टी लपवू नयेत. नेमक्या याच माहितीवर ब्लॉकची निवड ठरते. आणि विचारावं : कोणता ब्लॉक देणार, माझ्या श्वासावर त्याचा किती परिणाम होईल, तो कधी उतरेल, रात्री त्रास झाला तर कोणाला फोन करायचा?

भूलतज्ज्ञांकडूनही एक अपेक्षा ठेवायला हरकत नाही. संमतीपत्रावर सही घेण्याआधी रुग्णाला त्याच्या भाषेत, त्याला समजेल असं एवढं सांगावं : ‘या इंजेक्शनने काही तास श्वास थोडा अपुरा वाटू शकतो, तसं वाटलं तर उठून बसा आणि आम्हाला लगेच सांगा.’ हे सांगायला अर्धं मिनिटही लागत नाही. ते ऐकलेला रुग्ण रात्री अपुरा श्वास जाणवला तर उठून बसतो आणि नर्सला बोलावतो. ते न ऐकलेला रुग्ण तोच श्वास घेताना आपण मरतोय असं समजतो, किंवा त्याहून वाईट म्हणजे काहीच न बोलता गुंगीत पडून राहतो. श्वासपटलाचा हा अशक्तपणा प्रत्येक वेळी टाळता येणार नाही. त्याबद्दलचं अज्ञान मात्र प्रत्येक रुग्णाच्या बाबतीत टाळता येतं.